पंख्याखालचं खातं

डोमाजी शिंपी आयुष्यात कुणाचं फुकट काही घेत नसे. गिऱ्हाइकांच्या कापडातले उरलेले तुकडे सोडून. पण ते उरलेलेच, ते काय मोजायचे! कटंगीहून बालाघाटला आला तेव्हा खिशात कात्री नि तोंडात मोठेपणा, एवढंच भांडवल. कचेरीसमोर त्यानं मशीन मांडलं.

पासष्ट साली जवळच्याच एका शेठच्या बँकेत त्यानं एकवीस रुपये टाकून खातं काढलं. दर सहा महिन्यांनी तीन रुपये चार्ज. या चार्जावर डोमाजी जाम खूश! ऊन टाळकं शिजवू लागलं की भर दुपारी हा बँकेत हजर. खुर्ची ओढायची, पंख्याखाली बसायचं आणि शिपायावर ओरडायचं, "पंखा जोरात कर गा, फुकट नाही बसलो!" मग कॅशियर मधुकररावांना विचारायचं, "माह्यं खातं बराबर आहे न?" ते मान न उचलता म्हणायचे, "हौ, बराबर." पासबुक त्यानं कधी नेलंच नाही. शाईचे डाग पडतील म्हणून ते घरी पेटीत, बायकोच्या लुगड्याखाली.

सत्तरच्या उन्हाळ्यात समोर सरकारी बँक उघडली. पाच रुपयांत खातं, चार्ज काही नाही. बायको सीता मागेच लागली. "अवो, पैसे ठेवाले पैसे देता! तुमच्यावानी शहाणा अख्ख्या जिल्ह्यात नसन."

"फुकटच्या बँकेत खुर्ची देतीन का?"

"खुर्ची काय चाटाची आहे?"

तिनं पाच रुपये हातावर ठेवले आणि जुन्या खात्यातले काढून आणायला बजावलं. डोमाजी निघाला, पण जीव खुर्चीत अडकलेला. खातं गेलं की दुपार गेली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"मधुकरराव, माहे पैसे द्या. खातं बंद करतो."

मधुकररावांनी पेन खाली ठेवलं. "डोमाजी, खातं तं मागच्या वर्षीच संपलं. चार्जानं सगळं खाल्लं."

"एकवीसच्या एकवीस?"

"हौ."

"मंग रोज बराबर म्हणत होते थे?"

"तुमी एवढ्या ऐटीत विचारत होते, मले सांगवेच ना."

एकवीस रुपयांचं दुःख झालंच. पण वर्षभर आपण फुकटात पंखा जोरात करवला, ही शरम जास्त झोंबली. शिपाई तर हसू दाबायला बाहेरच पळाला. डोमाजी तडक समोर गेला. पाच मिनिटांत फुकटचं खातं निघालं, उभ्या उभ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मशीनवरच बसला, घाम टिपत, बँकेकडे पाठ करून. तिसऱ्या दिवशी मधुकरराव स्वतः आले.

"चला, खुर्ची रिकामी आहे."

"खातं नाही, तं कोन्या तोंडानं बसू?"

"वर्षभर बसलेच न? तुमच्याबिगर करमत नाही आमाले."

डोमाजी गेला, बसला. पण फुकटचं ते फुकटचंच, बूड काही टेकेना. तेवढ्यात मधुकरराव कपाटाकडे वळले. त्यांची पँट मागून पार विरलेली होती. डोमाजीला केवढं हायसं वाटलं!

"मधुकरराव," तो भर बँकेत गरजला, "पँट काढा!"