जाळीवरचे काटे

अनसिंगच्या रस्त्याला बाभळी फुलल्या, की त्या वासानं माझा उजवा हात अजून आपोआप मागे येतो. वाशीमच्या शाळेत आम्हाला व्हॉलीबॉल शिकवला तो ड्रिलमास्तरांनी. आम्ही सगळी हुतूतूची पोरं. समोरच्याला शिवल्याशिवाय चैनच पडायचं नाही, त्यामुळे उडी मारली की हात थेट जाळीला लागायचा आणि गुण जायचा. मास्तर ओरडून थकले. मग ते रोज सकाळी जाळीच्या वरच्या दोरीला बाभळीच्या काटेरी, फुललेल्या फांद्या बांधू लागले. "आता मी कायले बोलू? काटाच सांगीन तुमाले," म्हणाले. महिनाभर आमच्या ओरखडलेल्या हातांना पिवळ्या फुलांचा वास येत होता. मग अकोल्याचा संघ आला, पायांत पांढरे बूट घालून. हरलात तर हा खेळ बंद, असं हेडमास्तरांनी आधीच बजावलेलं. शेवटच्या डावात आम्ही चौदा, ते तेरा, सर्व्हिस आमची. चेंडू नेमका जाळीच्या वर आला आणि मी अन् त्यांचा उंच गडी एकदमच उडालो. मी टोला मारून सवयीनं हात मागे घेतला; त्याचा मात्र जाळीत अडकला. शिट्टी वाजली. टोप्या उडाल्या, पोरांनी मला खांद्यावर घेतलं, आणि तिथून मला मास्तर दिसले. ते जाळी सोडवत होते, काटे नसलेल्या दोरीला जपून, बोटांच्या टोकांनी धरत. फांद्या बांधताना रोज त्यांच्याही बोटांना काटे बोचत असतील, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आज हात मागे येतो, तेव्हा आधी त्यांची ती बोटं आठवतात.