आतला रंग

कुणाला कधीच दिसणार नाही अशा जागेवर रंगाचे दोन-दोन हात देणारा माणूस अख्ख्या वसई तालुक्यात एकच निघाला, आणि तो माझ्या नशिबी साडू म्हणून आला. साडू हे नातंच मुळात बिनकामाचं. दोघांनी एकाच घरातल्या मुली केल्या, एवढ्या भांडवलावर जन्मभर एकमेकांकडे चहा प्यायचा. पण आमच्या साडूंकडे चहालाही पथ्य होतं. प्लास्टिकच्या किटमधून ते वीतभर लांबीचे रणगाडे जोडत, आणि ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून पंखा बंद ठेवत. चंदनसारच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये भर मे महिन्यात मी घामाने निथळत चहा प्यायलो आहे. मेहुणी पदराने वारा घेत शांतपणे सांगायची, "आज सीट वाळतेय." सीट म्हणजे रणगाड्याच्या पोटातली, करंगळीच्या नखाएवढी. हॉलच्या भिंतीचे पोपडे दरवर्षी गळत, तिकडे यांचं लक्ष नसे. गाड्याच्या आत मात्र आधी अस्तर, मग फिकट पांढरा, मग बूट घासून रंग उडाल्यासारखी झीज. एवढं करून वरचा फिरता घुमट चिकटवून टाकायचा. एकदा न राहवून मी विचारलं, हे दिसणार कुणाला? साडू ब्रश न थांबवता म्हणाले, "शर्टाच्या आत बनियन घालता, ते कुणाला दिसतं? मग काय फाटकं घालता?" त्या दिवशी मी नेमकं फाटकंच घातलं होतं, त्यामुळे विषय वाढवला नाही.

एकाच गाड्याचा घुमट त्यांनी चिकटवला नव्हता, तो त्यांच्या वडिलांच्या. वडील चांदीप गावचे. तरुणपणी फौजेत रणगाडा चालवून आले आणि भातशेतीला लागले. त्या दिवसांबद्दल कुणी विचारलं तर "व्हता गाडा, चालवला," एवढ्यात त्यांची लढाई संपायची. साडूंनी त्याच बनावटीचं किट कुवेतच्या एका ओळखीच्या माणसाकडून मागवलं, आणि जोडताना पाण्याचा डबा चुकून डाव्या बाजूला बसवला. ओटीवरचा म्हातारा ते बघून उसळला. "पान्याचा डबा उजव्या हाताला व्हता. तिथं ठेवलास तर मानूस पाय कुठं ठेवनार, तुझ्या डोक्यावर?"

विचारलं की गप्प बसणारा बाप चुकलं की बोलतो, हे साडूंना तेव्हा कळलं. मग हे गृहस्थ मुद्दाम चुकू लागले. दर रविवारी एक ताजी चूक करून चांदीपला न्यायची, शिव्या खायच्या आणि दुरुस्त करायची. सीट हिरवी केली तेव्हा समजलं की ती तपकिरी होती आणि तिच्या फाटक्या कोपऱ्याला जोडीदाराच्या बायकोच्या लुगड्याचं ठिगळ होतं. तो जोडीदार परत आला नाही, हेही असंच एक खटका चुकीच्या जागी बसवल्यावर कळलं. साडूंना घाई होती, कारण म्हातारा विसरू लागला होता. दोन वर्षं शिव्या खाऊन गाडा पुरा झाला. वडिलांनी आत डोकावून पाहिलं आणि चूक सापडेना म्हणूनही चिडले. पुढे त्यांना घरातली माणसं ओळखू येईनाशी झाली. पण गाड्याचा घुमट उचलून आत बघितलं की तेवढा वेळ ते लेकाला नावाने हाक मारत.

हे सगळं मला माहीत होतं, म्हणूनच पुढचं सांगताना जीभ अडखळते. कारगिलच्या वर्षी ज्याच्या त्याच्या गणपतीपुढे डोंगर उभे राहिले. आमच्या मंडळाचा सेक्रेटरी मी. माईक हातात आला की मला चढायची. डोंगरावर खरा वाटणारा रणगाडा हवा म्हणून मी साडूंच्या मागे लागलो, दहा दिवसांचा तर प्रश्न आहे म्हणालो, आणि त्यांनी दिला. उद्घाटनाचे पाहुणे फाटकाशी आले असताना लाइटवाला माझ्याजवळ आला. "साहेब, बल्ब मावत नाय. आतलं काढू का?"

मी "काढा" म्हणालो.

आतलं म्हणजे काय, हे त्या मांडवात फक्त मला ठाऊक होतं. त्याने पक्कड घालून सगळं उपटलं आणि निर्माल्याबरोबर ते गेलं. गाड्याच्या पोटात लाल बल्ब लुकलुकू लागला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आराशीला ढालही मिळाली. आरतीला आलेल्या साडूंनी वाकून फटीतून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग "उजेड चांगला पडलाय," एवढंच म्हणून प्रसाद घेतला.

त्यांनी पुन्हा किट मागवलं आणि आठवेल तसं सगळं रंगवलं. ते नेताना मीही चांदीपला गेलो. माझा पाय उचलत नव्हता, पण गेलो. साडूंनी या वेळी ड्रायव्हरची सीटच उलटी, पाठ पुढे करून बसवली होती. अशा चुकीवर म्हाताऱ्याने गाव गोळा केलं असतं. वडिलांनी घुमट उचलला, आत निरखून पाहिलं आणि पाहुण्याशी बोलावं तसं हसून म्हणाले, "लय छान झालाय. कोनी केला?"

"आहे एक जण," साडू म्हणाले, आणि आत चहा सांगायला गेले.

म्हातारा गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. साडूंनी या गोष्टीवरून मला आजवर एक शब्द ऐकवलेला नाही. मी त्यांच्या घरी गेलो की ते उठून पंखा लावतात. एकदा तरी त्यांनी मला त्यांच्या बापासारख्या शिव्या द्याव्यात, असं फार वाटतं.