दुपारचं गरम पाणी

टोकावड्याच्या आमच्या घरात गरम पाण्याचा नळ आला तो आमच्या ऐपतीनं नाही, संशोधनाच्या कृपेनं. मुंबईच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी प्रकल्प सहायक म्हणून चिकटलो होतो. तिथले प्राध्यापक, परदेशातलं एक विद्यापीठ आणि एक लहानसा कारखाना असे तिघे मिळून हीट पंपावर काम करत होते. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून टाकीतलं पाणी तापवायचं, एवढंच ते यंत्र करतं. खरं संशोधन होतं ते त्याला जोडलेल्या डब्यावर. डब्यात मोबाइलचं सिम. गरम पाणी कधी घेतलं, टाकी किती तापली, लाइट कधी गेली, सगळं मेसेजनं आमच्या कॉम्प्युटरवर यायचं. पंप बिघडायच्या आधीच मेकॅनिक दारात हजर व्हावा, अशी सेवा त्यातून उभी करायची होती.

चाचणीसाठी शहापूर-मुरबाडकडची घरं हवी होती. शेणव्यात मिळाली, डोळखांबला मिळाली, एक कमी पडत होतं. मी आईचं नाव पुढे केलं. वडील गेल्यापासून ती एकटीच राहायची आणि पहाटे परसातल्या चुलीवर पाण्याचा हंडा चढवणं तिला झेपेनासं झालं होतं.

आईला यंत्राचा पहिल्या दिवशीच संशय आला. "पानी तापवतं नि वारा गार सोडतं? आसं कसं रे?" तिनं विचारलं. मी हवेतल्या उष्णतेवर छोटंसं व्याख्यान दिलं. तिनं ते ऐकून घेतलं आणि दुधाचं पातेलं उचलून त्या गार वाऱ्यात नेऊन ठेवलं. पुढे मे महिन्यात लाइट असेल तेव्हा आळीतल्या बायका तांदूळ निवडायला आमच्या परसात, पंपासमोर बसू लागल्या. आमच्या प्राध्यापकांना याचा कोण आनंद! परदेशी पाहुण्यांना त्यांनी ते मुद्दाम आणून दाखवलं.

मला मात्र त्या डब्यानं वेगळंच काही दिलं. आईनं नळ सोडला की स्क्रीनवर एक उभी रेघ उमटायची. कॉलेजात पोचलो की मी आधी टोकावडे उघडायचो. पहाटेची रेघ दिसली म्हणजे आई उठली, अंघोळ झाली, देवाला फूल वाहून झालं. मग चहा. बाकीच्या घरांच्या रेघा मी पगारासाठी बघायचो.

दिवाळीच्या आधी एकदा भर दुपारी रेघ उठली आणि टाकी पार रिकामी झाली. पाइप फुटला असणार म्हणून मी शेजारच्या काकींच्या घरी फोन लावला. आईकडे फोन नव्हता. काकींनी तिला बोलावून आणलं. ती फराळाचे तेलकट डबे धूत बसली होती. "तुला तिकडं दिसलं?" ती म्हणाली. दिसलं म्हटल्यावर तिनं जेवलास का विचारलं, आणि आम्ही दोघं बराच वेळ बोलत राहिलो.

त्यानंतर दुपारच्या रेघा वाढल्या. आठवड्यातून एखादी, कधी दोन. मी फोन करायचो, आई काकींच्या ओटीवर आधीच येऊन बसलेली असायची. त्या काळात पैसे वाचवायला सगळे जण मिस्ड कॉल द्यायचे. आमच्या आईनं तो नळानं द्यायला सुरुवात केली होती, पण हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

संशोधकांच्या बैठकीत या दुपारच्या रेघांनी धुमाकूळ घातला. कारखान्याचे लोक म्हणाले, गळती आहे. परदेशातून विचारणा झाली, या घरातली माणसं दुपारी अंघोळ करतात का? शेवटी तपासणीला मलाच पाठवलं. मी पाना घेऊन परसात उकिडवा बसलो तशी आई हसायला लागली. "आरं, कशाला खोलतोस त्याला? पानी सोडलं का तुजा फोन येतो. म्हनून सोडते."

मी बैठकीत खरं ते सांगितलं. आधी हशा पिकला. मग पाहुण्यांमधल्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, माझीही आई एकटी राहते. पुढे चर्चा काही झाली नाही.

प्रकल्प संपला. पंप आमच्याकडेच राहिला, डबा मात्र परत द्यायचा होता. तो मीच काढला. आई बाजूला उभी राहून बघत होती. मी तिच्या हातात नवा मोबाइल ठेवला आणि हिरवं बटण दाखवलं. "आता नळ सोडायला नको, सरळ फोन कर," म्हटलं. मला वाटलं, मी तिला मोठीच गोष्ट दिली.

तिचे फोन यायचे, पण काम असलं तरच. दाराची कडी मोडली. बॅटरीचे सेल संपले. मुरबाडला मिळत नाही ते मलम घेऊन ये. मी कामं ऐकून घ्यायचो, करतो म्हणायचो, आणि काम सांगून झालं की फोन आपोआप संपायचा. पुढच्या खेपेला ती सगळी कामं मी करूनही यायचो. आई बोलायची कमी झालीय, असं मला तेव्हा वाटायचं. वय झालं, म्हणायचो.

ती गेली त्यानंतर तेराव्याला काकी माझ्याजवळ येऊन बसल्या. "तुला फोन करायचा आसला का आदी माज्याकडं यायची," त्या म्हणाल्या. "तो हापिसात आसल, रिकामा कसा फोन करू, म्हनायची. आज काय काम सांगू गो याला, इचारायची. मंग आमी दोगी बसून काम शोदायचो. ती कडी मोडलेली नवती रे. आमीच ढिली केली."

फोन उचलल्यावर मी दर वेळी पहिलं काय विचारायचो ते मला आठवलं. मी विचारायचो, "बोल आई, काय काम होतं?"