मागोमाग जाणारं रिकामं विमान

शेजाऱ्यांचे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. भिंत एक असली की आपोआप साठतात. माझी खिडकीच वानखेडेकाकांच्या ओट्यावर उघडते, त्याला मी काय करणार!

काका हवाई दलातले. दिल्लीत देशाच्या मोठमोठ्या पुढाऱ्यांना विमानानं नेणारी एक तुकडी असते. त्या विमानात काका चहापाणी बघायचे. आता रिटायर होऊन कळमनुरीत आहेत.

*

त्यांच्याकडचा चहा नेहमी अर्धा कप! एकदा आमच्या ह्यांनी विचारलंच, "काका, अर्धाच काहून?"

"भरलेला कप हिंदकळतो. जुन्या पंख्याच्या विमानात लई सांडायचा. मग जेट आले, पण सवय तीच."

"अहो, पण आपला ओटा कुठं उडून राहिला!"

*

कादरभाई टेलर आले की एकच विचारतात, "वानखेडेसाब, अब तो बताओ, कौन कौन बैठा था?"

बाहेर नाव काढायचं नाही, ही त्या तुकडीची शिस्त. काका फार तर एवढंच सांगतात, "एका साहेबांना साखर कमी लागायची."

"किसको?"

"ज्यांना कमी लागायची, त्यांना!"

*

कमलकाकूंना कुणाचं नाव नको होतं. त्यांना एकदा विमानात बसायचं होतं. लग्न झालं तेव्हापासून! काका दिल्लीत, आणि ह्या इकडे सासू-सासरे, लेकरं, शेत सांभाळत.

एकदा काका बोलून गेले, "पुढाऱ्याचं विमान ऐनवेळी बिघडलं तर? म्हणून दुसरं तयार ठेवायचो. कधी कधी मागोमाग रिकामंच न्यायचो."

तूर पाखडता पाखडता काकूंचं सूप थांबलं. "रिकामं? आन् मला न्हाई बसवलं?"

"अगं, सरकारी विमान हाय ते!"

पुढं कितीतरी दिवस त्या ओट्यावर कुणालाच चहा मिळाला नाही.

*

औंढ्याला सभेसाठी हेलिकॉप्टर येणार होतं. काकू म्हणाल्या, "बसणं ऱ्हाऊ द्या, जवळून पाहू तर द्या!"

आम्ही सगळे जीपनं गेलो. हेलिकॉप्टर उतरायला लागलं आणि काकांच्या अंगात ड्यूटी शिरली. "मागं सरका! पंख्यापासून लांब!" गर्दी सरकली. पोलीससुद्धा सरकले! सगळ्यात मागं काकू, तोंडाला पदर लावून धुळीत उभ्या.

"दिसलं का?" काकांनी विचारलं.

"दिसली ना. तुमची पाठ!"

*

यंदा काकूंचे गुडघे पार गेले. पायरी चढवेना. मग लेकीनंच घाई करून दोघांसाठी नांदेडहून दिल्लीच्या विमानाची तिकिटं काढली. पोचवायला मीही गेले. शेजारधर्म आहे की नाही!

परत आल्या त्या दिवशी मी त्यांना बॅगही खाली ठेवू दिली नाही. "काकू, सांगा ना! ढग कसे दिसले? वरून शेतं केवढाली दिसतात?"

"खिडकीतून म्या पाहिलंच न्हाई, बाई."

"काहून? भ्यालात का?"

"न्हाई गं. हे बाजूला बसून होते ना, मी ह्यांनाच पाहत बसले! चढलो तवापासून उतरेपर्यंत, एकदा बी उठले न्हाईत!"