वाडा हलतो

ईरा आणि नील, माझ्या नातवंडांनो, हिराबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्तमानपत्राची कात्रणं फाइलला लावत होते. त्यांची मुलगी सुमन एवढंच म्हणाली, "आई गेली, मॅडम." मी फाइलची दोरी नीट बांधली. आज महिन्यानंतर हे तुम्हाला लिहिते आहे आणि पुरवणीतही छापायला देते आहे. हिराबाईंची एक गोष्ट मी आजवर चारचौघांत हसून सांगितली, तेव्हा चूकही चारचौघांतच कबूल करायला हवी.

देशभरासाठी नवा शालेय अभ्यासक्रम ठरत होता आणि त्या समितीत मी होते. भाषा, गणित, परिसर अशा विषयांचा कच्चा मसुदा झाल्यावर वर्गात शिकवणाऱ्या काही शिक्षकांना दिल्लीला बोलावलं. हिराबाई आटपाडीकडच्या मेंढपाळांच्या वस्तीवर शिकवत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यांच्या बोलण्याचं भाषांतर माझ्याकडे आलं. साताऱ्यात वाढलेली मी. मराठी शब्द अडेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

त्या उभ्या राहिल्या. "दिवाळी झाली की आमचा वाडा हलतो, मॅडम. पोरं बी जात्यात. तवा धडे मागं-फुडं करायची मुभा द्या."

वाडा म्हणजे माझ्या लेखी दगडी जोत्याचं, चौकाचं घर. ते हलतं म्हणजे पडायला आलेलं असणार. धड्यांचा त्याच्याशी संबंध लागेना, अध्यक्ष घड्याळ बघत होते, आणि हिराबाईंना परत विचारणं मला कमीपणाचं वाटलं. मी इंग्रजीत सांगितलं, शाळा भरते ते जुनं घर हादरतं, मुलं पळून जातात. धड्यांचं वाक्य मी गाळलं. कुणीतरी म्हणालं, "भूत असेल!" सगळे हसले. सगळे हसताहेत म्हणून हिराबाईही हसल्या. टिपणात नोंद झाली, इमारत दुरुस्ती.

पुढच्या वर्षी जानेवारीत त्यांच्या शाळेत गेले. अर्धा वर्ग रिकामा.

"पोरं कुठं गेली?"

"वाडा गेला न्हवं का कोकणात! मेंढरं, घोडी, कोंबड्या, म्हातारी माणसं... समदा वाडा. आवं मॅडम, तुमीच तर दिल्लीत मांडलं व्हतं की!"

तेव्हा मला कळलं. मेंढरांमागं चालणारा सगळा गोतावळा म्हणजे त्यांचा वाडा. ती मुलं पावसाळ्यापर्यंत परतत नाहीत आणि परतल्यावर दर वर्षी तेच पहिले धडे पुन्हा शिकतात. शेवटचे धडे त्यांच्या वाट्याला येतच नाहीत. खरं सांगायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "हो ना, मांडलं होतं." त्यांनी माझ्या चहात आणखी दूध घातलं. यानंतरही भुताची गोष्ट मी सांगतच राहिले. तुम्हालाही फोनवर सांगितली, तुम्ही पोट धरून हसलात.

हिराबाई गेल्यावर घरी भेटायला गेले तेव्हा सुमननं हिराबाईंची अभ्यासक्रमाची प्रत माझ्या हातात दिली. तिन्ही विषयांच्या धड्यांना पेन्सिलीनं नवे क्रमांक घातले होते. शेवटचे काही धडे दिवाळीच्या आधी ओढून घेतले होते. समितीनं न दिलेली मुभा त्यांनी स्वतःच घेतली होती.

"वरून तपासणी आली की बोलणी खायची," सुमन म्हणाली. "पण म्हणायची, मॅडमनी आपल्यासाठी भांडून बघितलं, त्या लोकांनी न्हाई ऐकलं. फुडल्या खेपेला परत मांडतील."

या वेळी मी हो म्हटलं नाही. सुमनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, आईला न्हाई कळलं." ते वाक्य अजून माझ्या मानगुटीवर बसलं आहे.

समितीला पत्र पाठवलं आहे. चूक कुणाची हे पहिल्याच ओळीत आहे, हिराबाईंची मागणी दुसरीत. वाडा हा शब्द तसाच ठेवला, पुढं चार ओळींत अर्थ दिला. हिराबाईंची ती प्रत माझ्या टेबलावर आहे. पानांचे कोपरे दुमडलेले, कडेला चहाचा डाग. रोज सकाळी टेबल आवरताना ते कोपरे सरळ करायला हात जातो... आणि मी तो मागं घेते.