दगडाआत्याची सही

कॉलेजच्या फॉर्मवर शेवटचा प्रश्न असा होता: 'या उपक्रमातून तुमच्यात काय बदल झाला?' मी एका दमात पानभर लिहून टाकलं. आत्मविश्वास वाढला, संयम आला, समाज जवळून पाहिला. सरांनी वर 'उत्कृष्ट' असा शेरा मारला. आता ते पान दिसलं की माझीच मला किळस येते.

उपक्रम सोपा होता. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या प्रत्येकानं एका निरक्षर माणसाला शिकवायचं. मी वडवणीजवळच्या आमच्या गावातली दगडाआत्या निवडली. नात्यानं ती माझी कुणी नाही, शेजारीण. नवऱ्यानं टाकल्यावर पंचवीस वर्षांपूर्वी माहेरी आली आणि भावाच्या, आश्रुबाकाकांच्या, घरामागं पत्र्याच्या खोलीत राहिली. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर तिचंही नाव लागलं होतं. तिच्या वाट्याचे दोन एकर ती स्वतः कसायची. तेवढ्या जोरावर ती ताठ होती, कुणाचं ऐकून घ्यायची नाही.

तिला लाज एकाच गोष्टीची, अंगठ्याची. चारचौघांत बोटाला शाई लावायची म्हटलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. काका कित्येक वर्षं 'एका कागदासाठी' रजिस्ट्री ऑफिसला चल म्हणत होते आणि ती काहीतरी कारण काढून टाळत होती. त्या लाजेनंच तिची जमीन राखली होती. हे मला आज कळतंय.

दुपारी आम्ही विहाराच्या ओट्यावर बसायचो. नुसत्या 'द'ला पंधरा दिवस गेले. ती चिडून पाटी आपटायची, "तुलाच शिकवता येत न्हाई!" म्हणायची आणि परत पाटी उचलायची. मीही काही कमी नव्हते, तिच्यावर खेकसायचे. पण वाचायला शिकवत बसायला वेळ कुणाला होता? मी नाव तेवढं गिरवून घेतलं. सही आली की कॉलेजच्या लेखी माणूस साक्षर. पूर्ण नाव जमलं त्या दिवशी आत्या पाटी घेऊन गल्लीभर फिरली. आठवड्याच्या आत स्वतःच भावाला म्हणाली, "चल, कुटं सई करायची?"

काकांनी मलाही सोबत घेतलं. म्हणाले, सातबाऱ्यावरचं नाव नीट करायचंय, साक्षीदार पाहिजे. ऑफिसातल्या साहेबांनी रीतसर विचारलं, "बाई, कागद वाचलाय ना? समजलाय ना?" आत्या थाटात बोलली, "समजलाय की. ही शिकलेली पोरगी हाय ना संगं." मग जीभ दाताखाली धरून तिनं सही केली. नंतर मशीनवर अंगठा मागितला तर उखडलीच, "आता आंगठा कावून? सई केली की!" सगळे हसले. खाली साक्षीदार म्हणून मी सही ठोकली. पंचशीला, एकदम झोकात.

दोन महिन्यांनी तिच्या शेतात परक्याचा ट्रॅक्टर शिरला. ती आडवी आली, तेव्हा काकांनी त्या कागदाची झेरॉक्स तिच्या हातात ठेवली. ती तशीच माझ्याकडे आली. "वाच," म्हणाली. मी वाचलं. राजीखुशीनं, कोणत्याही दबावाशिवाय, तिनं आपला सगळा हक्क भावाच्या नावे सोडला होता.

मी तिला बीडला वकिलाकडे नेलं. त्यांनी शेवटचं पान पाहिलं, साक्षीदाराच्या नावापुढं 'विद्यार्थिनी' असं लिहिलेलं होतं. "दावा टाकता येईल, पण वर्षं जातील. आणि साक्षीदार अडाणी असता तर फसवलं म्हणणं सोपं होतं. ही तर कॉलेजची पोरगी दिसतेय. कोण ही?" 

स्टँडवर वडवणीची गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो.  तिनं विचारलं, "तवा कावून वाचलं न्हाईस गं?"

"फोटो काढत होते आत्या. तू सही करतानाचा. कॉलेजात द्यायचा होता."

 ती समोरच्या गाड्यांकडे बघत म्हणाली, "मला वाटलं, तू वाचलंस. म्हून तर केली."