फोन कुणी उचललाच नव्हता

माझ्या घरचीचं, बायकोचं, तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या उपकेंद्रात चौकशीचे साहेब आले. सिस्टरनं डॉक्टरला न विचारता घरचीला इंजेक्शन दिलं, म्हणून सिस्टरची नर्सची नोंदणी काढायची का, ते ठरणार होतं.

दारातच पोरानं मला बाजूला घेतलं. "अण्णा, काय आठवत न्हाई म्हणा. तिच्यामुळंच आई गेली."

मला सगळं आठवत होतं. भर दुपारी घरचीला धाप लागली, ओठ निळे पडले. सिरसाळ्याहून दवाखान्याची गाडी यायला वेळ होता. इथंच, उपकेंद्रात, सिस्टरनं तिला बसती धरलेली. इंजेक्शन कपाटात.

"डॉक्टरांनी सांगितल्याबिगर मला देता येत न्हाई, बाबा. फोन लावा."

लावला. नुसताच वाजत ऱ्हायला. तो कानाला धरूनच मी म्हणालो, "द्या म्हणतेत."

तिनं दिलं. घरचीची धाप बसली. मला म्हणाली, "टोपी कुठं टाकली तुमी?" अंबाजोगाईला नेताना परळीच्या पुढं गाडीतच जीव गेला तिचा. इंजेक्शननं गेली का उशिरानं, कुणी सांगितलं न्हाई.

आत बसल्यावर साहेब म्हणाले, "कायदा बदलतोय. शिकलेल्या नर्सला काही औषधं स्वतःच देता येतील, असं चाललंय. पण आज तसं नाही."

"मंग आजाऱ्यानं कायदा येईस्तोवर दम धरावा व्हय?"

साहेबांनी कागद पुढं ओढला. मी म्हणालो, "लिवा. डॉक्टरचं नाव घिऊन मी खोटं बोल्लो. ह्या सिस्टरबाईची चूक न्हाई."

"अण्णा!" पोरगा ओरडला.

"गप बस. तुजी आई व्हती, तशी माजी बायकू व्हती."

साहेबांनी लिहून वाचून दाखवलं. मी सही केली. सुटली बिचारी, असं वाटलं.

तेवढ्यात सिस्टर म्हणाली, "साहेब, बाबा 'द्या' म्हणाले तेव्हा रिंग वाजतच होती. मला ऐकू येत होतं."

मी म्हणालो, "कशाला बोलायलीस, पोरी?"

तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई. "थांबले असते तर त्या माझ्या हातात गेल्या असत्या. तेही लिहा."

साहेबांचा पेन थांबला. "बाई, विचार करा. नोंदणी जाईल."

"लिहा."

"साहेब, नका लिवू," मी म्हणालो. हात जोडले.

साहेबांनी लिहिलं. माझ्या सहीखाली तिनं तिची सही केली.